काउंटरवर मी होतो

या अंकाच्या संपादकांनी मला पहिल्यांदा फोन केला त्याला आठ वर्षं झाली. "ग्रंथपाल म्हणून आलेले गमतीदार अनुभव लिहा," असं त्यांचं म्हणणं होतं. मी दर वर्षी काही ना काही कारण काढलं. एकदा मोतीबिंदू, एकदा गुडघा, एकदा नुसतंच "बघतो". खरं कारण असं की गमती लिहायला बसलो की चौथ्या-पाचव्या पानावर एक बाई येऊन उभी राहायची आणि मी वही मिटायचो. या वर्षी मिटलेली नाही. संपादकांनी हवा तेवढा मजकूर कापावा, पण तिच्याविषयीचा कापू नये, एवढी अट मी घातली आहे.

सोलापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची एकोणीस ग्रंथपाल म्हणून. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक त्या इमारतीवर रागावतील आणि मी सुटेन.

गमती होत्याच, त्या आधी सांगून टाकतो. एक वकील होते. रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर बारीक अक्षरात खुन्याचं नाव लिहून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, "लोकांचा वेळ वाचतो हो." एक निवृत्त मामलेदार होते. त्यांच्याकडून परत आलेल्या पुस्तकाला शेंगाचटणीचा वास यायचा, आणि प्रेमप्रसंगाच्या पानांवर तेलाचे ठसे जास्त असायचे. आमचे शिपाई इरय्या पुस्तक नाकाशी नेऊन सांगायचे, "सर, मामलेदारसायब ह्या खेपंला लई रमलेत बगा." या गोष्टी मी लग्नकार्यात सांगायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

हे दोघेही 'आतले' सभासद होते. आता 'आतले' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे पुस्तकं बदलायचा एक लांब काउंटर होता. त्याच्या अलीकडे वर्तमानपत्रांची टेबलं, पलीकडे कपाटं. काउंटरच्या एका टोकाला बिजागरीवर उचलायची फळी होती. ती उचलली की माणूस आत, कपाटांमध्ये. एरवी काय करायचं, तर बाहेरच्या तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या यादीच्या, खणांतून कार्ड शोधायचं, चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक लिहायचा, चिठ्ठी मला द्यायची, आणि इरय्यांनी आतून पुस्तक आणेपर्यंत उभं राहायचं. नियमावलीत एकच ओळ होती: कपाटांपर्यंत प्रवेश ग्रंथपालाच्या परवानगीने. नियम कुणालाच अडवत नव्हता. अडवायचं काम माणसाकडे होतं.

मी चोवीस वर्षांचा असताना कारकून म्हणून लागलो. मुलाखत झाली नाही. माझे मामा आणि कार्यकारी मंडळाचे चिटणीस एका देवळात भजनाला बसायचे. चिटणिसांच्या घरी चहा झाला, त्यांनी माझं आडनाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि "आपल्यातलाच आहे" म्हणून सोमवारपासून यायला सांगितलं. मी जन्माने ब्राह्मण आहे. आमच्या घरी कुणी जात मानत नाही, असं मी साठ वर्षं सांगत आलो. ज्याला जातीमुळे कुठंच थांबावं लागलं नाही, त्याला ती मानायची गरजच काय? मी बारा वर्षांचा असल्यापासून त्या फळीखालून वाकून आत जात होतो. मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या ग्रंथपालांनी, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मला एक काम शिकवलं. प्रत्येक सभासदाचं एक जाड कागदाचं कार्ड काउंटरवरच्या खोक्यात असायचं. काही कार्डांच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका होता.

"ठिपका असला की आत सोडायचं नाही," नाना म्हणाले. "भांडायचं नाही. गोड बोलायचं. आत गर्दी आहे म्हणायचं, मी काढून देतो म्हणायचं."

"ठिपका कुणाला द्यायचा?"

"तुला कळेल."

आणि मला कळलं, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे. कुणी यादी दिली नाही, समजावलं नाही. अर्जावरचं आडनाव आणि पत्ता पाहिला की पेन्सिल आपोआप हातात यायची. पंधरा वर्षांनी नाना निवृत्त झाले आणि माझ्या खुर्चीबरोबर ती पेन्सिल मला मिळाली. मला कुणी विचारणार नव्हतं. मी तो प्रकार एका मिनिटात बंद करू शकलो असतो. मी पेन्सिलीला टोक काढलं.

वर आम्ही कारणंही शोधून ठेवली होती. मागावर काम करणारा एक तेलुगू माणूस दर रविवारी यायचा. रंगाच्या कामाने त्याची बोटं कायमची निळी. त्याच्या कार्डावर ठिपका, कारण पुस्तकं खराब होतील. त्याने दहा वर्षांत एका पानावर डाग पाडला नाही. प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत करायचा. शेंगाचटणीवाले मामलेदार मात्र आत जाऊन खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या तेलाला आम्ही गंमत म्हणत होतो.

तुमच्यापैकी काही जण आता म्हणतील, त्या काळी असंच होतं. त्या काळी म्हणजे कधी? पुढे जे सांगतो आहे त्याला बावीस वर्षं झाली. लोकांच्या खिशात मोबाईल आले होते.

सुमन बनसोडे हे तिचं नाव. ते मी तिला विचारून लिहिलेलं नाही, तेव्हा आडनाव तेवढं बदललं आहे. बदलताना एक लक्षात आलं. जे आडनाव घेतलं तेही असं निवडलं की तुम्हाला वाचताच कळावं. तुम्हालाही कळलंच ना? कुणी शिकवलं होतं?

ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. वडील बंद पडलेल्या गिरणीतले. ती शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करायची आणि बाहेरून बीए करत होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास यायची, ओढणीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असायचे. तिच्या वयाच्या आतल्या सभासदांच्या मुलींना मी "काय ताई, काय हवंय?" म्हणायचो. तिला पहिल्या दिवशी म्हणालो, "काय पाहिजे तुला?" हेही कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्या चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नसायचं, नुसता क्रमांक. ग्रंथालयात विषयाप्रमाणे आकडे असतात, त्या क्रमाने पुस्तकं फळीवर लागतात. आमच्या आतल्या सभासदांनाही ती पद्धत कळत नव्हती. ही मुलगी तालिकेच्या खणांपुढे उभी राहून सहा महिन्यांत ती शिकली. एकदा इरय्या रिकाम्या हाताने परत आले, म्हणाले, "न्हाय सापडत." ती म्हणाली, "काका, डावीकडच्या चौथ्या कपाटात बघता का? खालनं दुसरी फळी. मोठ्या आकाराचं आहे, आडवं ठेवलं असंल."

पुस्तक तिथंच होतं. इरय्या माझ्या कानाशी आले. "सर, ह्या बाईनं आत पाय न ठिवता समदी कपाटं पाठ केल्यात की! सोडा की तिला एकदा आत. माझं बी पाय वाचतील."

"गर्दी असते," मी म्हणालो. आत त्या वेळी एक मामलेदार आणि दोन पंखे होते.

दर शनिवारी आमच्याकडे वाचक कट्टा भरायचा. एकाने एका पुस्तकाविषयी बोलायचं, मग चहा. एका शनिवारी मी बोललो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर गोऱ्यांनी काय काय केलं, याविषयीचं एक अनुवादित पुस्तक मी तीन रात्री जागून वाचलं होतं. त्यात एक प्रसंग होता. एक काळा मुलगा गावातल्या ग्रंथालयात जातो, पुस्तक मागतो आणि त्याला दारातून परत पाठवतात. तो प्रसंग सांगताना माझा गळा दाटून आला. खरंच आला, नाटक नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले. आमच्या कार्यकारी मंडळातले एक निवृत्त प्राचार्य पहिल्या रांगेत होते, ते म्हणाले, "वा! संवेदनशील माणूस आहे आपला ग्रंथपाल."

सुमन शेवटच्या रांगेत होती. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिने हात वर केला.

"सर, त्या मुलाला पुस्तक दिलं नाही, तेव्हा काउंटरवर कोण होतं?"

"म्हणजे?"

"नाही, मुलाचं नाव पुस्तकात आहे. काउंटरवरच्या माणसाचं नाव आहे का?"

मी पानं चाळल्यासारखं केलं. "नाही. नाव दिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बसली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी बावीस वर्षं शोधतो आहे, सापडत नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

चहाला ती थांबली नाही. मला रात्री झोप लागली नाही, आणि सोमवारी ती आली तेव्हा मी स्वतः उठून फळी उचलली. "जा आत," मी म्हणालो. "दहा मिनिटं." त्या क्षणी मला स्वतःविषयी किती बरं वाटलं होतं, ते आठवलं की आजही संताप येतो. बारा वर्षांच्या वयापासून जे मला फुकट मिळालं होतं, ते मी तिला दहा मिनिटांसाठी दिलं आणि उपकार केल्यासारखी मान ताठ केली. वर इरय्यांना खुणेने सांगितलं, लक्ष ठेवा.

तिने आत काय केलं ते इरय्यांनी नंतर सांगितलं. तिने एकही पुस्तक काढलं नाही. पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत फळ्यांवरचे आकडे वाचत गेली. एका ठिकाणी दोन पुस्तकं चुकीच्या क्रमाने लागली होती, ती तिने सरळ केली. दहा मिनिटं व्हायच्या आत बाहेर आली आणि म्हणाली, "सर, मला हेच काम करायचंय. ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गाचा अर्ज भरणार आहे. त्याच्यावर ग्रंथपालाची शिफारस लागते. तुम्ही सही द्याल ना?"

"आण की," मी म्हणालो.

नऊ दिवसांनी इरय्या संदर्भ विभाग झटकत होते. जिल्ह्यातल्या जुन्या मंदिरांवरचा एक जाडजूड ग्रंथ होता, दुर्मीळ, घरी न देण्याचा. त्यातली पानं गेली होती. एकतीस ते बेचाळीस, सलग. शिवणीलगत पट्टी ठेवून दाढीच्या ब्लेडने कापलेली. इतका सरळ काप घाईत येत नाही. बसून, वेळ घेऊन केलेलं काम होतं. ज्याला आत बसायला खुर्ची मिळते, त्याचंच. मला हे पाहताक्षणी कळलं. कापलेलं पान ओळखणं हा माझा धंदा होता.

संध्याकाळी कार्यकारी मंडळाची बैठक झाली. प्राचार्य म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण अलीकडे आपण फळी कुणासाठी उचलतो, याचा विचार व्हावा." एवढंच. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. अध्यक्षांनीही नाही. चाळीस-बेचाळीस माणसं रोज आत जात होती, वर्षानुवर्षं. सुमन एकदा गेली, दहा मिनिटं, आणि इरय्यांचा डोळा तिच्यावर होता. मी घरी गेलो, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीही न सांगता तिचं कार्ड काढून त्यावर लिहिलं: सभासदत्व रद्द. हे पेन्सिलीने लिहिलं नाही. शाईने लिहिलं.

ती त्याच संध्याकाळी आली. हातात वाचून झालेलं पुस्तक आणि तो अर्ज. काउंटरवर सहा-सात माणसं रांगेत होती, प्राचार्य वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"सर, सही. शनिवारी शेवटची तारीख आहे."

"सही देता येणार नाही."

"का?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तुम्ही सांगा."

मी पुढच्या माणसाचं पुस्तक घ्यायला हात पुढे केला. मग तिने रांगेकडे बघितलं, आणि रांगेतल्या लोकांच्या तोंडावर तिने काय ते वाचलं. पानं गेल्याची बातमी सगळ्यांना होती, तिच्याही कानावर आली होती.

"पानं?" ती म्हणाली. "ती मंदिरांच्या पुस्तकातली? सर, माझी पिशवी बघा."

"पिशवी बघायची गरज नाही..."

"नाही, बघाच." तिने पिशवी काउंटरवर उलटी केली. जेवणाचा डबा, मोजायची टेप, निळ्या दोऱ्याची दोन रिळं, एक वही. आणि सगळ्यात शेवटी, खणकन, एक छोटी कात्री पडली. शिवणकामात लोंबते दोरे तोडायला वापरतात तसली, बोटभर. ती गोल फिरत माझ्यासमोर येऊन थांबली.

रांगेतलं कुणीतरी "हं" म्हणालं.

मी कात्रीकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. सुमन माझ्याकडे पाहत होती.

"सर, ही दोऱ्याची आहे," ती हळू म्हणाली. "ह्यानं पान कापलं तर फाटतं, दाते पडतात. पान कशानं कापलंय ते तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा ह्यांना."

इथे एक वाक्य बोलायचं होतं. 'पानं ब्लेडने कापली आहेत, कात्रीने नाही.' माझ्या तज्ज्ञपणातून आलेलं, पूर्ण खरं, कुणावरही आरोप न करणारं वाक्य. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता की मग कुणी कापली, आणि आत बसणाऱ्या चाळीस जणांकडे बघावं लागलं असतं. ते चाळीस जण माझ्या मुलाच्या मुंजीला आले होते.

मी म्हणालो, "गर्दी आहे, पुढच्या लोकांना येऊ दे."

तिने एक-एक वस्तू पिशवीत भरली. कात्री शेवटी उचलली. मग वाचलेलं पुस्तक पुढे सरकवलं. "हे जमा करून घ्या. आणि जमा केल्याची पावती द्या."

आम्ही पावती देत नसू. तिने घेतल्याशिवाय जागा सोडली नाही. मी सही केली. त्या संध्याकाळी माझी सही तिला मिळाली ती एवढीच. अर्ज तिने काउंटरवरच ठेवला आणि गेली. प्राचार्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

चार वर्षांनी प्राचार्य वारले. त्यांच्या मुलाने सगळा ग्रंथसंग्रह वाचनालयाला दिला. चौदा खोकी. मी आणि इरय्या यादी करायला बसलो. आठव्या खोक्यात त्यांच्या लेखांच्या टिपणांची फाईल होती, 'जिल्ह्यातील मंदिरे', आणि त्यात टाचणीने लावलेली छापील पानं. कडा सरळ, काप सफाईदार.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. प्रत्येक ग्रंथालयात एक गुप्त पान ठरलेलं असतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतोच, पण तो कुणी फाडला तर ओळख राहावी म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर आणखी एक शिक्का आणि दाखल क्रमांक घालतात. तो आकडा फक्त कर्मचाऱ्यांना ठाऊक असतो. आमचं पान सदतिसावं होतं. मी टाचणी काढली, पानं उलटली. सदतिसाव्या पानाच्या तळाशी आमचा जांभळा शिक्का होता. क्रमांक माझ्याच अक्षरात.

इरय्यांनी तो पाहिला. त्यांना वाचायला फार येत नसे, पण शिक्का ओळखत.

मी अध्यक्षांकडे गेलो. हो, एवढं केलं. ते म्हणाले, "अहो, पुढच्या महिन्यात सभागृहाला त्यांचं नाव देतोय. माणूस गेला. आता हे कुठं बाहेर काढता? पानं मिळाली ना? चिकटवून टाका."

मी चिकटवून टाकली. खळ शिजवली, पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या, एकेक पान शिवणीत बसवलं. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. वर वजन ठेवताना इरय्या मागे उभे होते.

"पानं चिकाटली, सर," ते म्हणाले. "बाईचं काय?"

"बघू."

"काय बगायचं त्येच्यात? पत्ता हाय की कार्डावर. सायकलवर पंधरा मिंटं लागत्यात. मी येऊ का संगं?"

"बघू म्हटलं ना."

इरय्या त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. माझा सत्कार त्याच सभागृहात झाला, प्राचार्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली. भाषणांत तीन जणांनी मला संवेदनशील म्हटलं. मी शाल घेतली.

लोक मला विचारतात, एवढं वाचून माणसाला काय मिळतं? मी पूर्वी सांगायचो, दृष्टी मिळते. आता खरं सांगतो. मला वाचनातून एक चांगली सोय मिळाली. दूरच्या देशातल्या दूरच्या लोकांसाठी रडलं की आपण भले आहोत याची खात्री पटते, आणि डोळे पुसून झाल्यावर हातातली पेन्सिल दिसत नाही. माझ्यासारखे बरेच आहेत. तुमच्या सोसायटीत भाडेकरूला फ्लॅट "आधीच गेलाय" म्हणून सांगणारे, ऑफिसात नव्या माणसाचं पूर्ण नाव पुन्हा एकदा विचारून घेणारे. त्यांच्याकडेही कुठं काही लिहिलेलं नसतं. सगळे गोडच बोलतात. मीही चौतीस वर्षांत आवाज चढवला नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीने स्पर्धा परीक्षेसाठी जुळे सोलापुरात एक अभ्यासिका लावली. रोज कौतुक. "आजोबा, तिथं कपाटं उघडी असतात. कुणी काही विचारत नाही, सरळ आत. खाली मॅडमचं गणवेशाचं दुकान आहे आणि वरती अभ्यासिका."

"मॅडम कोण?"

तिने नाव सांगितलं.

मला जायला पाच महिने लागले. चार वाक्यं तयार केली होती, ती आरशासमोर म्हणून पाहिली. शर्टाच्या खिशात तिचा तो अर्ज होता. फेकायची हिंमत झाली नव्हती म्हणून इतकी वर्षं राहिलेला, घडीवर फाटत आलेला, शिफारशीची जागा कोरी असलेला. रिक्षा केली, जिना चढलो, आणि दाराबाहेरच थांबलो.

ती टेबलाशी बसून नव्या पुस्तकांवर आकडे लिहीत होती. केस पांढरे व्हायला लागले होते. तिने मान वर केली, आणि मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"या सर. बाहेर का उभे? आत या. चप्पल तिथं काढा."

मी आत गेलो. पंचवीस-तीस मुलंमुली वाचत होती. माझी नात त्या वेळी नव्हती, मी मुद्दाम तशी वेळ निवडली होती. मी कपाटांमधून फिरलो. एकही पुस्तक क्रम सोडून नव्हतं.

"छान लावलंय," मी म्हणालो. "वर्गीकरण कुणी केलं?"

"मीच. पद्धत तुमच्याकडचीच की, सर. चिठ्ठ्यांवर लिहून लिहून पाठ झालेली."

"तुम्ही तो... प्रमाणपत्राचा वर्ग?" मला तिला "तुम्ही" म्हणायला बावीस वर्षं लागली.

"नाही. राहून गेलं ते," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ. मग पेन खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती. घाई नव्हती तिला. एखाद्याने चिठ्ठी पुढे करावी म्हणून आपण थांबतो तशी. "सर, काही सांगायचं होतं का?"

चारही वाक्यं तोंडाशी होती. हात खिशाकडे गेला, अर्जाच्या घडीला बोटं लागली. समोरच्या टेबलावरच्या दोन मुलांनी वर पाहिलं. रांगेतल्या सहा-सात लोकांच्या देखत मी तिला चोर ठरवलं होतं. दोन मुलांच्या देखत माफी मागायला माझी जीभ उचलेना.

"नाही," मी म्हणालो. "थोडं पाणी मिळेल का?"

ती उठली आणि माठातून पेला भरून आणला. मी उभ्याने सगळा पेला संपवला, बरं आहे म्हणालो, चप्पल घातली आणि जिना उतरलो. अर्ज खिशात.

खाली येऊन रिक्षात बसलो. खोटं कशाला लिहू, रिक्षा सुरू झाली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला तेही नोंदवून ठेवतो. 'सुमन, ती पानं तू कापली नव्हतीस, मला त्याच दिवशी माहीत होतं,' हे म्हणायचं राहिलं, असं मला वाटलं नाही. मला वाटलं, तिच्या हातचं पाणी प्यालो मी.